मागावरचा उजेड मोजायचा कधी?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सोलापूरच्या पूर्व भागात गेली सव्वीस वर्षे माझे चष्म्याचे दुकान आहे. डोळे तपासून नंबर काढणे हा माझा व्यवसाय, आणि माझे गिऱ्हाईक बहुतांशी यंत्रमागावर, टॉवेलच्या शिलाईवर, गणवेशाच्या कारखान्यात किंवा घरी विड्या वळून पोट भरणारे. 21 नोव्हेंबर 2025 रोजी केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्यापासून ग्रॅच्युइटी, नियुक्तिपत्र आणि कामाचे तास यांवर वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहिले गेले; सुताचे भाव आणि विजेचे दर यांवर तर आपल्या शहरात बारमाही लिहिले जाते. परंतु ज्या उजेडात हा कामगार दिवसाचे दहा-बारा तास सुताच्या बारीक तारेकडे डोळे लावून उभा असतो, त्या उजेडाविषयी कोणी चकार शब्द काढलेला मला तरी आढळला नाही. म्हणून हे पत्र. ते लांबले आहे याची जाणीव आहे, पण विषय दोन ओळींत उरकण्यासारखा नाही.

गेल्या पावसाळ्यात अठ्ठेचाळीस वर्षांचे एक विणकर तीन महिन्यांत तिसऱ्यांदा माझ्याकडे आले. पहिल्या वेळी त्यांना चाळिशीचा नंबर निघाला होता, तो मी करून दिला. दुसऱ्या वेळी त्यांची तक्रार कायम होती म्हणून पुन्हा तपासले. नंबर तोच आला. तिसऱ्या वेळी त्यांनी चष्मा काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, “अण्णा, तुमच्या दुकानात बारीकातलं बारीक अक्षर दिसतंय की हो, पण मागावर गेलं की तारच सापडत नाही बघा.” हे वाक्य मी याआधीही वेगवेगळ्या तोंडून ऐकले होते आणि दर वेळी नवा चष्मा अंगवळणी पडायला वेळ लागतो, अशी समजूत घालून माणसाला परत पाठवले होते. या वेळी मात्र दुकान मुलाकडे सोपवले आणि मी त्यांच्याबरोबर त्यांच्या कारखान्यात गेलो. जाताना प्रकाश मोजण्याचे लहान मीटर बरोबर घेतले होते. हे मीटर हजार-दोन हजार रुपयांत मिळते आणि प्रकाश लक्स या एककात दाखवते.

कारखाना म्हणजे पत्र्याचे शेड, आठ माग, एका पाळीला चार कामगार. वर छपराच्या लोखंडी कैचीला, जमिनीपासून चौदा फुटांवर, सहा जुन्या ट्यूब होत्या. त्यांतली एक बंद होती आणि एक लुकलुकत होती. बाकीच्या चारांवर कापसाच्या तंतूंचा असा थर बसला होता की काच दिसतच नव्हती. पांढऱ्या लोकरीत गुंडाळलेली काठी लोंबत आहे, असे वाटत होते. या ट्यूब मागांच्या ओळींवर नव्हत्या, मधल्या वाटेवर होत्या. त्यामुळे जो काही उजेड खाली येत होता, तो ये-जा करणाऱ्यांच्या डोक्यावर पडत होता, आणि मागाच्या पुढे कामगार वाकला की त्याच्या स्वतःच्याच अंगाची सावली कापडावर पडत होती. मागाच्या पुढच्या बाजूला, जिथे फणी बाणा, म्हणजे आडवा धागा, ठोकते आणि कापड तयार होते, तिथे मीटरने 110 लक्स दाखवले. मागच्या बाजूला, वहीमागे (वही म्हणजे उभ्या तारा ओवलेली मागाची चौकट), जिथे तुटलेली तार शोधायची असते, तिथे 35. टॉवेलच्या मागाला दोन बीम, म्हणजे उभ्या तारा गुंडाळलेले रूळ, असतात, एक मूळ विणीचा आणि दुसरा फुलाच्या (टॉवेलवर उठणाऱ्या फासांच्या) तारांचा, त्यामुळे मागची बाजू तशीही अडचणीची आणि अंधारी.

तेवढ्यात एका मागाची तार तुटली. आमचे विणकर मागे गेले, खिशातून मोबाईल काढला, त्याची बॅटरी लावली आणि तो मोबाईल चक्क दातांत धरला. दोन्ही हात तारेसाठी मोकळे हवेत, मग उजेड धरायला तोंडच उरते. मान वाकडी करून, दातांतल्या मोबाईलचा झोत वहीवर पाडून त्यांनी तार शोधली, गाठ मारली, पुढे येऊन ती वहीतून व फणीतून ओढून घेतली आणि माग सुरू केला. असे दिवसातून किती वेळा करावे लागते, हे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले की मोजले नाही, पण संध्याकाळपर्यंत मोबाईलची बॅटरी उतरते. गर्द निळ्या रंगाचा टॉवेल मागावर असला, तर मोबाईल दुपारीच बंद पडतो. गडद कापड उजेड गिळते आणि गडद तारेवर गडद तार ओळखायला हलक्या रंगापेक्षा कितीतरी जास्त प्रकाश लागतो.

आता यात डोळ्याचे काय होते, ते सांगतो. उजेड कमी झाला की बाहुली मोठी होते. बाहुली मोठी झाली की जेवढ्या अंतरापर्यंत सगळे स्पष्ट दिसते तो पट्टा अरुंद होतो आणि नंबरातली थोडीशीही चूक, जी भर उन्हात जाणवतसुद्धा नाही, ती धूसरपणा होऊन समोर येते. चाळिशी लागलेला माणूस दारात उभा राहून पंचांग वाचतो आणि देवघरात त्याला तेच अक्षर दिसत नाही, हे प्रत्येक घरात पाहायला मिळते, कारण हेच. त्यातच वय वाढते तसे डोळ्यातले भिंग पिवळसर होते आणि बाहुलीही पूर्वीसारखी मोठी होत नाही, त्यामुळे साठीच्या माणसाच्या पडद्यापर्यंत विशीतल्या तरुणाच्या जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो, असे आमच्या शास्त्रात मानले जाते. म्हणजे एकाच ट्यूबखाली उभ्या असलेल्या बाप-लेकांना एकसारखा उजेड मिळत नाही. आमच्याकडचे यंत्रमाग चालवणारे बरेचसे हात आता पन्नाशीच्या आसपासचे आहेत; तरुण मुले या धंद्यात फारशी उतरत नाहीत, हे कारखानदारही सांगतात. अर्थात उजेडाची गरज पूर्वीपेक्षा वाढली आहे, आणि दिवे मात्र वीस वर्षांपूर्वीचे आहेत.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण भीती घालून कोणाचे भले होत नाही. मंद उजेडात काम केल्याने प्रौढ माणसाचे डोळे कायमचे जातात, असे म्हणायला आधार नाही. जे होते ते वेगळे आणि रोजचे आहे: डोळ्यांची आग, पाणी, कपाळ आणि डोक्याचा मागचा भाग दुखणे, नीट दिसावे म्हणून तासन् तास पुढे वाकल्याने मान आणि कंबर धरणे, कापसाच्या धुळीच्या हातांनी डोळे चोळणे, आणि अंदाजाने हात घालताना बोट चेमटणे. कामगार यातल्या एकाही गोष्टीचा संबंध दिव्याशी जोडत नाही. तो डोकेदुखीची गोळी घेतो, कंबरेला मलम लावतो आणि डोळ्यांसाठी माझ्याकडे येतो.

माझ्या व्यवसायाचीही एक चूक इथे नोंदवतो. जवळचा नंबर काढताना आम्ही तक्ता साधारण 40 सेंटिमीटरवर धरतो, कारण वर्तमानपत्र माणूस तेवढ्या अंतरावर धरतो. विणकर वहीतून तार ओढतो ती हातभर अंतरावरून, साठ-पासष्ट सेंटिमीटरवर. वाचनाचा अडीचचा नंबर तिथे उपयोगाचा नसतो. त्या अंतराला दीडच्या आसपासचा नंबर लागतो. त्या विणकरांना मी मागाच्या अंतराचा वेगळा चष्मा करून दिला आणि त्याने थोडा फरक पडला. खरा फरक मात्र दुसऱ्याच गोष्टीने पडला.

कारखान्याचे मालक समजूतदार निघाले. त्यांनाही माल परत येण्याचा त्रास होताच. त्यांनी जुन्या सहा ट्यूब काढून वीस वॉटच्या दहा एलईडी पट्ट्या बसवल्या, त्या वाटेवरून हलवून मागांच्या पुढच्या आणि मागच्या बाजूंवर आणल्या आणि साखळीने साडेसहा-सात फूट खाली घेतल्या. उंची निम्मी केली की उजेड किती वाढतो याचा अंदाज आपल्याला सहसा नसतो. लहान बल्बच्या बाबतीत तर अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथा हिस्सा उरतो. भिंतींना चुना दिला. पुढच्या बाजूला मीटर 420 वर गेले, मागच्या बाजूला 260 वर. विजेचा हिशेब असा: चोकसह पन्नास वॉटच्या सहा ट्यूब म्हणजे तीनशे वॉट, आणि वीसच्या दहा पट्ट्या म्हणजे दोनशे. दिवे वाढले, वीज घटली. मोबाईल आता खिशात राहतो.

एका कारखान्यातल्या अनुभवावरून सगळ्या शहराबद्दल बोलू नये, हे मान्य. त्यानंतर मी ओळखीच्या आणखी काही ठिकाणी मीटर घेऊन गेलो. परिस्थिती सगळीकडे इतकी वाईट नव्हती; एक-दोन ठिकाणी तर उजेड उत्तम होता. पण मागाच्या मागच्या बाजूचा काळोख आणि दिव्यांवरचा कापूस जवळजवळ सगळीकडे होता, आणि कोणत्याही मालकाने तोवर उजेड मोजलेला नव्हता. सुताचा काउंट आणि टॉवेलचे वजन ग्रॅममध्ये मोजणारी ही माणसे उजेड मात्र “बरा आहे की” एवढ्यावर सोडून देतात.

सोलापूरला उजेडाचे शहाणपण नवीन नाही, याचेच जास्त वाईट वाटते. 1877 साली आपल्याकडे पहिली कापड गिरणी निघाली आणि पुढे गिरणगाव म्हणून शहर वाढले. त्या काळी जगभर विणकाम खात्यांची छपरे करवतीच्या दातांसारखी बांधत आणि दातांच्या उभ्या बाजूला, उत्तरेकडे, काचा बसवत. उत्तरेकडून येणारा उजेड सौम्य आणि दिवसभर साधारण एकसारखा असतो, थेट ऊन मागावर पडत नाही, सावल्या गडद होत नाहीत. आपले शहर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य दुपारी डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकतो, तेवढे दिवस उत्तरेच्या काचेवरही छज्जा लागतो. बाकी वर्षभर हा उजेड फुकटचा आहे. उघड्यावर भर दुपारी एक लाख लक्सच्या आसपास प्रकाश असतो आणि त्यापासून दहा पावलांवर, पत्र्याखाली, माणूस मोबाईल दातात धरतो.

याचे कारण उन्हाळा, हे मी जाणतो. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर गेला की पत्र्याचे शेड भट्टी होते. मग मार्च-एप्रिलमध्ये छपरातल्या पारदर्शक पत्र्यांवर चुना किंवा रंग मारतात, खिडक्यांना बारदान लावतात, आणि पावसाळा येतो, थंडी येते, तरी ते काढायचे राहून जाते. ऊन अडवायचे आणि उजेड आत घ्यायचा, हे दोन्ही एकाच वेळी साधता येते: छपराच्या वरून पांढरा रंग, पत्र्याखाली उष्णता अडवणारे अस्तर, आणि उजेडासाठी छपराऐवजी उत्तरेकडच्या भिंतीत उंचावर लांबट खिडक्या. नवे शेड बांधताना याला वेगळा खर्च जवळजवळ येत नाही. जुन्या शेडला निदान जूनमध्ये चुना खरवडून काढता येतो.

कायद्यात या गोष्टी होत्या. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या 17 व्या कलमात पुरेसा आणि योग्य उजेड तर सांगितला होताच; शिवाय खिडक्यांच्या आणि छपराच्या काचा आतून-बाहेरून स्वच्छ ठेवाव्यात, दिव्याची थेट किंवा चकचकीत पृष्ठभागावरून परतणारी तिरीप डोळ्यांवर येऊ नये, आणि डोळ्यांवर ताण पडेल किंवा अपघात होईल अशा सावल्या पडू नयेत, हेही स्पष्ट लिहिले होते. 11 व्या कलमात चुना दिलेल्या भिंतींना दर 14 महिन्यांनी पुन्हा चुना देण्याची अट होती. ज्यांनी हा मसुदा लिहिला त्यांनी कारखान्याच्या आत उभे राहून तो लिहिला असावा, असे वाटते. परंतु मूळ कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागेला कारखाना म्हणायला किमान 10 कामगार लागत. आता 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत ही मर्यादा 20 झाली आहे, आणि सर्वसाधारण आस्थापनेलाही संहिता लागू होण्यासाठी 10 कामगारांची अट आहे. आठ मागांवर एका पाळीला चार, दोन पाळ्यांचे आठ. बाण्याच्या सुताच्या कांड्या भरणारा कांडीवाला आणि कापडाच्या घड्या घालणारा घडीवाला धरूनही आकडा दहाच्या अलीकडे-पलीकडे घोटाळतो. सोलापूरचा यंत्रमाग मोठ्या प्रमाणावर अशाच लहान शेडांतून चालतो, म्हणून उजेडाचा कायदा कितीही चांगला असला तरी त्याचा प्रकाश तिथे पोहोचत नाही.

किती उजेड हवा, याचे आकडे उपलब्ध आहेत. भारतीय मानक ब्युरोची आयएस 3646 आणि कारखान्यांसाठीची आयएस 6665 ही मानके याच विषयावर आहेत. युरोपात वापरल्या जाणाऱ्या ईएन 12464-1 या मानकात विणकामाला 500 लक्स, शिलाईला 750 आणि कापडाच्या तपासणीला व रंग जुळवण्याला 1000 लक्स सांगितले आहेत. तिथल्या विणकराला एवढा उजेड मिळावा, अशी त्या मानकाची अपेक्षा आहे. रंगाच्या बाबतीत लक्सइतकेच दिव्याच्या जातीलाही महत्त्व आहे. स्वस्त एलईडीखाली काळा आणि नेव्ही ब्ल्यू, तपकिरी आणि मरून यांतला फरक मिटतो. दिव्याच्या खोक्यावर रंगदर्शकांक, म्हणजे सीआरआय, 80 च्या खाली असेल तर तो दिवा रंगाच्या कामाला घेऊ नये, आणि तपासणीच्या टेबलावर 90 चा असावा. चादरीच्या, नक्षी विणणाऱ्या जेकार्ड मागावर चार-पाच रंगांच्या कांड्या असतात. रात्री लावलेली कांडी सकाळी उन्हात दुसऱ्याच छटेची निघाली की तो नग डागी ठरतो आणि कित्येक ठिकाणी त्याचे पैसे विणकराच्या मजुरीतून कापले जातात. जी चूक दिव्याने केली तिचा दंड माणसाने भरायचा, हे मला अन्यायाचे वाटते.

उजेड वाढवताना होणारी उलटी चूकही लिहिली पाहिजे. भगभगीत पांढरा उघडा बल्ब डोळ्यांच्या रेषेत टांगला की मीटर खूश होते आणि माणूस बेजार. गणवेशाच्या एका कारखान्यात शिलाई करणाऱ्या बायकांनी समोरच्या बल्बला वहीचा पुठ्ठा बांधलेला मी पाहिला. त्यांना कोणी प्रकाशशास्त्र शिकवले नव्हते, पण त्यांनी केले ते अगदी बरोबर होते. दिवा झाकलेला हवा, झोत कामावर हवा, आणि शिलाई मशीनच्या सुईजवळ लहान स्वतंत्र दिवा हवा, तोही हाताची सावली पडणार नाही अशा बाजूला.

अक्कलकोट रोड आणि चिंचोळी औद्योगिक वसाहतींतल्या लेथ आणि फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये याहून घातक प्रकार संभवतो. आपली वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होते. हलक्या प्रतीचा ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारा भाग) असलेली एलईडीही तसेच करते. डोळ्याला हे कळत नाही. पण मिनिटाला 1440 फेरे घेणारी मोटार म्हणजे सेकंदाला 24 फेरे, आणि तिच्यावरच्या पुलीला चार आऱ्या असतील तर सेकंदाला 96 आऱ्या डोळ्यांसमोरून जातात. शंभराच्या लुकलुकीत या 96 आऱ्या अशा दिसतात की पुली सेकंदाला एक फेरा या संथ गतीने उलटी फिरत आहे. वेगात फिरणारे चाक जवळजवळ थांबलेले दिसते आणि यंत्रांच्या गोंगाटात कानही खरे सांगत नाही. उपाय कठीण नाहीत. चांगल्या ड्रायव्हरचे दिवे घ्यावेत, आणि जुन्याच ट्यूब ठेवायच्या असतील तर शेजारशेजारच्या ट्यूब थ्री-फेजच्या वेगवेगळ्या फेजवर जोडाव्यात, म्हणजे एक मंद होते तेव्हा दुसरी तेज असते. हे काम कोणताही परवानाधारक वायरमन अर्ध्या दिवसात करतो.

रात्रपाळीचा प्रश्न स्वतंत्र पत्राचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीचे काम 2007 मध्ये, आणि पुन्हा 2019 मध्ये, कर्करोगास बहुधा कारणीभूत असणाऱ्या गटात ठेवले आहे, एवढे इथे नोंदवतो.

विडी वळणाऱ्या भगिनींबद्दल मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण त्यांचे घर हेच त्यांचे वर्कशॉप आहे. पूर्व भागातल्या कोणत्याही बोळात सकाळी दहाला जा, त्या उंबरठ्यावर सूप मांडीवर घेऊन बसलेल्या दिसतील. उंबरठ्यावर बसतात ते गप्पांसाठी, असा एक समज आहे. त्या उजेडासाठी बसतात. कात्रीने पान कापायचे, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा, आणि हजारामागे मजुरी. ऊन सरकते तसे सूपही सरकते. सायंकाळी आत गेल्यावर खोलीच्या मधोमध एक बल्ब असतो आणि पाठ त्याच्याकडे. माझ्याकडे येणाऱ्या भगिनींपैकी पुष्कळ जणींना चाळिशीचा नंबर असूनही चष्मा नसतो, कारण त्यांना वाचायचे नसते म्हणून कोणी त्यांना तपासायला सांगितलेलेच नसते. ‘शिकलेल्यालाच चाळिशी लागते’ ही समजूत आपल्या समाजातून अजून गेलेली नाही.

खर्चाचे काय, असा प्रश्न कारखानदार विचारतील, आणि मंदीच्या दिवसांत तो रास्त आहे. त्यांच्यासाठी एक उदाहरण देतो. आसामच्या चहामळ्यांत चाळीस आणि त्याहून अधिक वयाच्या, चहाची पाने खुडणाऱ्या कामगारांवर एक शास्त्रशुद्ध चाचणी झाली आणि 2018 मध्ये ती लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. निम्म्यांना जवळचा साधा चष्मा लगेच दिला, निम्म्यांना चाचणी संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची दिवसाची तोडणी इतरांच्या तुलनेत सुमारे 22 टक्क्यांनी अधिक वाढली. पान खुडायला जर इतका फरक पडतो, तर तारेला किती पडत असेल, याचा विचार ज्याने त्याने करावा. ब्रिटनमध्ये तर 1920 च्या सुमारासच रेशीम विणणाऱ्या मागांचा अभ्यास झाला होता आणि हिवाळ्यात दिवे लागले की उत्पादन दिवसाच्या उजेडापेक्षा कमी भरते, असे त्यात आढळले होते. शंभर वर्षांपूर्वीची ही माहिती आपल्यासाठी अजून कामाची आहे.

कारखानदार बांधवांना माझी विनंती एवढीच आहे की, खंडेनवमीला आपण माग पुसून, हळदकुंकू वाहून पूजा करतोच; त्याच दिवशी वीज बंद करून दिवेही उतरवून पुसावेत. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांच्या रथोत्सवासाठी माग थांबतात, तेव्हा आणखी एकदा पुसावेत, आणि संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या सुट्टीत तिसऱ्यांदा. कापसाची धूळ इतकी असते की वर्षातून तीनदा हेही कमीच आहे, पण आज एकदाही होत नाही. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने आणि यंत्रमागधारकांच्या संघटनांनी लहान शेडांसाठी, कामगारसंख्येची अट न घालता, मागाच्या पुढे आणि मागे किती लक्स हवेत याचे साधे मराठी-तेलुगू पत्रक काढावे. भीती दाखवणारी तपासणी नको, मीटर घेऊन मदतीला येणारा माणूस हवा. आपल्या शहरातल्या अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांचे विद्यार्थी प्रकल्प शोधत असतात. शंभर शेडांतला उजेड आणि त्या शेडांतल्या कामगारांचे डोळे एकत्र मोजले गेले, तर सोलापूरपाशी स्वतःचे आकडे होतील. नव्या संहितेत चाळीस वर्षांवरील कामगारांच्या वार्षिक मोफत आरोग्य तपासणीची तरतूद आहे. त्या तपासणीत रक्तदाब आणि साखर पाहतील, हे उत्तमच. जवळची दृष्टीही पाहावी, आणि ती पुस्तकाच्या अंतरावर न पाहता कामाच्या अंतरावर पाहावी.

माझ्या दुकानातले लक्स मीटर कोणत्याही कारखानदाराला किंवा कामगाराला दोन दिवसांसाठी विनामूल्य मिळेल. कसे धरायचे ते मी दाखवीन: मागाच्या पुढे फणीपाशी एकदा, मागच्या बाजूला वहीमागे एकदा, माग चालू असताना लांबून, आणि नेहमीचा कामगार नेहमीच्या जागी उभा असताना, म्हणजे त्याची सावलीही मोजली जाते. आलेले दोन आकडे आणि शेडची उंची एका कागदावर लिहून मीटरबरोबर परत करावी, एवढीच अट आहे. आतापर्यंत माझ्या वहीत अशा अकरा शेडांची नोंद झाली आहे.

आपला विश्वासू,
एक चष्मेवाला,
साखर पेठ परिसर, सोलापूर